बटाट्याची खोड

मी धुळ्याचा, म्हणजे गल्लीतला. धुळ्यात गल्ल्यांना नावाऐवजी नंबर असतात, आणि आमच्या नंबरात माती दिसायची ती कुणी जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं तरच. शेती मी पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. एसटीतून कापूस ओळखू येतो, तूर ओळखू येते, बाकी सगळं नुसतं हिरवं असतं. एवढ्या शिदोरीवर मला नोकरी लागली ती अमळनेर तालुक्यात, तापीकाठच्या एका गावात. शाळा सातवीपर्यंतची. विषय विज्ञान.

अमळनेर म्हटलं की लोक साने गुरुजींचं नाव काढतात. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. त्यांच्या तालुक्यात मास्तर म्हणून हजर व्हायचं म्हणजे भीमसेन जोशी गाऊन उठल्यावर त्याच बैठकीवर बसून पेटीचा भाता हलवण्यासारखं आहे. गुरुजींनी मुलांच्या डोळ्यांत पाणी आणलं ते मायेनं. मी आणलं ते बटाट्यानं. कांद्यानं आणणारे पुष्कळ होऊन गेले.

जुलै महिना होता. बाहेर पाऊस, आत वनस्पतींच्या अवयवांचा धडा. मूळ, खोड, पान हे बिनबोभाट पार पडलं. मग मी फळ्यावर एक वेडावाकडा गोल काढला, त्याला पाच-सहा ठिपके दिले आणि म्हणालो, "हा बटाटा. हा जमिनीखाली येतो, पण हे मूळ नाही. हे खोड आहे."

वर्ग चिडीचूप. नव्या मास्तराला वाटतं, पोरांना समजलं. तसं नसतं. बाजारात मेथीच्या जुडीचा भाव ऐकल्यावर बायका गप्प होतात ना, तशी ती शांतता असते.

शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. हाताच्या मालकाचं नाव सांगत नाही. या हकिगतीत तो इतक्या वेळा येणार आहे की उद्या मानधन मागेल.

"सर, खोड त वर ऱ्हास ना?"

"नेहमी नाही. काही खोडं जमिनीखाली वाढतात."

"मंग त्याले खोड काबर म्हनतस?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते पुस्तकात होतं आणि पुस्तक टेबलावर. माझ्या हाताशी होती ती खिडकी. खिडकीबाहेर कुणाच्या तरी वाड्यातली केळ उभी होती. मी बोट दाखवलं. "ती केळ बघा. तिचं खोड कसं सरळ वर गेलंय! ते साधं खोड. बटाट्याचं मात्र..."

"सर, ते खोड नही शे."

"काय?"

"केळनं. त्या पानं शेतस. सालटं काढत गये का मझार काहीच ऱ्हात नही. खोड खाले ऱ्हास. गड्डा."

तापीच्या पल्याड चोपडा, यावल, रावेर. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या जिल्ह्यात मी एका शेतकऱ्याच्या पोराला केळीचं खोड दाखवत होतो! पोरगं बरोबर होतं. केळीचा जो खांब आपल्याला दिसतो तो पानांच्या बुडांची घट्ट गुंडाळी. खरं खोड मातीत बसलेलं असतं आणि मुनवे त्यालाच फुटतात. म्हणजे दोन मिनिटांत माझ्या वर्गात एवढं सिद्ध झालं होतं की जे खोडासारखं दिसत नाही ते खोड असतं आणि जे दिसतं ते नसतं. यातलं निम्मं मी शिकवलं होतं. निम्मं मला शिकवलं गेलं होतं.

त्यानंतर वर्गाला सूर सापडला.

"सर, शेंगा? त्या बी खालेच येतस."

"ते फळ. फूल वर येतं, मग आऱ्या मातीत घुसतात आणि शेंग आत भरते."

"माहीत शे. गाजर?"

"मूळ."

"मुळा?"

"मूळच." नाव ठेवणाऱ्यानं निदान एक काम तरी सोपं करून ठेवलं होतं.

"रताळं?"

"मूळ."

"बटाटा खोड आनि रताळं मूळ? उपासले त दोन्ही चालतस!"

"आलं?"

"खोड."

"कांदा?"

इथे मी थांबलो. कांदा म्हणजे पानं. आपण खातो ती जाड झालेली पानं, आणि खोड म्हणजे बुडाशी असलेली चपटी चकती. पण कांदा म्हणजे पानं आहेत, असं मी त्या घटकेला बोललो असतो तर वर्ग उठून घरी गेला असता आणि पालकांना घेऊन परत आला असता. मी म्हणालो, "कांदा पुढच्या वर्षी आहे."

पहिल्या बाकावरची एक मुलगी इतका वेळ वहीत तक्ता करत होती. तिनं मान वर करून विचारलं, "सर, रामानं वनवासात कंदमुळं खाल्ली. त्यातला कंद कोणता आणि मूळ कोणतं?" हा प्रश्न वाल्मीकींकडे ढकलणं शक्य नव्हतं. मी म्हणालो की काहीही असलं तरी त्यात बटाटा नव्हता, कारण बटाटा त्या काळी पेरूत होता.

बोललो आणि जीभ चावली.

"पेरूमा बटाटा?"

पुढची दहा मिनिटं दक्षिण अमेरिकेचा नकाशा शोधण्यात गेली. तो सापडला नाही. मग मी हवेत हात फिरवून अँडीज पर्वत उभा केला. तिथे ३,८०० मीटर उंचीवर टिटिकाका नावाचं सरोवर आहे, त्याच्या आसपासच्या लोकांनी सातआठ हजार वर्षांपूर्वी बटाटा माणसाळवला, पुढे पोर्तुगीजांनी तो आणि त्याचं नाव आपल्याकडे आणलं, असं सांगितलं. गंमत अशी की 'बटाटा' हे नाव मुळात रताळ्याचं. म्हणजे नाव घेऊन आला तोही दुसऱ्याचं. मुलांनी यातलं 'टिटिकाका' तेवढं लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ते माझं नाव झालं.

घंटा व्हायच्या आत अब्रू वाचवायची म्हणून मी म्हणालो, "वाद कशाला? आपण बटाटा लावूनच पाहू."

शाळेत कोणती गोष्ट फुटायला किती वेळ लागतो, याचा अभ्यास व्हायला हवा. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे परसबागेचं परिपत्रक होतं. शाळेच्या आवारात भाज्या पिकवायच्या आणि त्या पोषण आहारात वापरायच्या, अशी ती योजना. आमच्या परसबागेत तेव्हा एक कढीपत्ता आणि एक पाटी होती. पाटीवर 'परसबाग' असं लिहिलेलं असल्यानं ती नजरेतून सुटत नसे.

"बटाटा लावताय म्हणे? लावा. फोटो काढा. लावताना एक, उगवताना एक, काढताना एक. मुलं हसरी हवीत."

पहिली लागवड आम्ही लगेच, भर जुलैत केली. धडा जुलैत असल्यामुळे बटाटाही जुलैत यावा, अशी माझी शैक्षणिक भूमिका होती. किराणा दुकानातून दोन किलो बटाटे आणले आणि काळ्या मातीत खड्डे करून पुरले. एक म्हातारबाबा कुंपणाशी सायकल टेकवून सगळं पाहत होते. शेवटचा बटाटा गाडला गेल्यावर ते म्हणाले, "मास्तर, हाई कपाशीनी जमीन शे. अठे पावसाळामा बटाटा येत नही."

"प्रयोग करून पाहतोय बाबा."

"पाहा," ते म्हणाले आणि सायकल वळवून निघून गेले. अशी माणसं थांबून वाद घालत नाहीत. ऑगस्टमध्ये बरोबर त्याच जागी येऊन थांबतात.

आमची काळी माती कापसाला आई आणि बटाट्याला सासू. पाणी धरते ते सोडत नाही. बटाट्याला हवी भुसभुशीत, पाणी निचरून जाणारी जमीन. पंधरा दिवस पाऊस लागला आणि आमच्या परसबागेत कढीपत्ता, पाटी आणि एक वास अशा तीन गोष्टी झाल्या. वास दुसरीच्या वर्गापर्यंत गेला तेव्हा खड्डे उकरले. आत बटाटे होते असं म्हणणं जिवावर येतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "उगवतानाचा फोटो कधी काढायचा?"

प्रयोग फसला, तरी सिद्धांत उरतो. मी ठरवलं की निदान बटाटा हे खोड आहे, हे तरी वर्गात पटवून द्यायचं. बटाट्याचे डोळे कुठेही उमटलेले नसतात. बुडापासून शेंड्यापर्यंत ते मळसूत्रासारखे चढत जातात, फांदीवर पानं चढतात तसेच. प्रत्येक डोळा म्हणजे एक पेर, त्यात एक कळी झोपलेली. आणि त्यातही शेंड्याचा डोळा आधी फुटतो आणि तो असेपर्यंत खालच्यांना फुटू देत नाही. हे सांगताना मी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे पाहिलं असं काही सहकारी म्हणतात. मी पाहिलं नव्हतं.

"सर, डोया शेतस त कान कोठे शेतस?" शेवटच्या बाकावरून.

मी दुर्लक्ष केलं. एक मोठा बटाटा घेतला, प्रत्येक डोळ्यात एक टाचणी खुपसली आणि मळसूत्र नीट दिसावं म्हणून टाचण्यांना गुंडाळत लाल दोरा वर नेला. प्रयोग सुंदर झाला. मुलांना वेटोळं स्पष्ट दिसलं. मुळाला असे डोळे नसतात, गाजराला टाचणी कुठे टोचाल, हेही पटलं. खूश होऊन मी तो बटाटा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. ती कॅलेंडरवर छापलेली होती, माझ्या ध्यानात नव्हती.

सकाळी शाळेसमोर पंधरा-वीस माणसं, आणि मधे एक आजी कमरेवर हात ठेवून. "कोनी करं हाई?" खिडकीत टाचण्या टोचलेला, लाल दोऱ्यानं बांधलेला बटाटा. मी पुढे होऊन सांगितलं की हे खोड आहे. यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. फक्त ते कुणावर केलंय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी डोळे, पेरं, मळसूत्र असं सगळं समजावलं. समोरची माणसं एकेक पाऊल मागे सरकत गेली. मुख्याध्यापकांनी मला आत ओढलं आणि त्याच दिवशी अंधश्रद्धा निर्मूलनावर दोन तास घ्यायला लावले. ते तास चालू असताना कुणीतरी तो बटाटा काठीनं उचलून तिवाट्यावर नेऊन टाकला आणि त्यावर लिंबू कापलं. माझं एकमेव शैक्षणिक साहित्य असं गेलं.

दिवाळीपर्यंत मी शहाणा झालो होतो, म्हणजे मी वाचायला लागलो होतो. बटाटा आपल्याकडे रब्बीत, थंडी पडताना लावायचा. बियाण्याला बेणं म्हणतात आणि ते किराणा दुकानात मिळत नाही. देशात बटाट्यासाठी वेगळी केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९४९ साली ती पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ साली शिमल्याला गेली. बटाट्याचं ऐकणारी संस्था म्हणायची. तिच्या वाणांना शिमल्याजवळच्या कुफरी गावाचं नाव लावतात. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी. ही यादी वाचताना एखाद्या नाटक कंपनीचा फलक वाचतोय असं वाटतं. त्यात एक वाण १९७२ सालचा, आपल्या पठारासाठी आणलेला: कुफरी लवकर. नावातच लवकर! मला हाच हवा होता.

पुणे जिल्ह्यात मंचरकडे बटाट्याची परंपरा मोठी. तिथल्या एका मित्राला गळ घालून पाच किलो बेणं मागवलं. नोव्हेंबरात ते आलं. मुलांना बसवून प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे येतील असं कापलं. कापलेल्या बाजूला राख लावली आणि जखम सुकावी म्हणून फोडी सावलीत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, परातीत पसरून ठेवल्या. पहिल्यांदाच सगळं शास्त्राप्रमाणे झालं होतं. 'स्वयंपाकघराच्या ओट्यावर' या शब्दांत काय दडलं आहे, हे वाचकांच्या माझ्या आधी लक्षात आलं असेल.

दुसऱ्या दिवशी खिचडी झक्क झाली होती. मुलांनी दोनदा मागून घेतली.

"कोण्या भल्या माणसानं बटाटे चिरूनसुद्धा ठेवले होते सर," खिचडीवाल्या मावशी म्हणाल्या. "नुसती राख होती, ती मी तीन पाण्यानं धुतली."

रात्री मित्राचा फोन आला. "बेणं कसं निघालं रे?"

"चविष्ट," मी म्हणालो.

दुसरं बेणं यायला डिसेंबर सरला. त्यानं पाठवायला उशीर केला, आणि 'लवकर' वाणाची लागवड आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात केली. या खेपेला वरंबे केले, नदीकडची पोयट्याची माती आणून मिसळली, शेणखत घातलं. पंधरा-वीस दिवसांत कोंब वर आले. उगवतानाचा फोटो निघाला. त्यात हसरी मुलं होती, हसरे मुख्याध्यापक होते, आणि नीट पाहिलं तर कोपऱ्यात एक बटाट्याचं झाडही होतं.

रोपांवर पानं चांगली भरली तेव्हा टाचण्यांच्या दिवशीच्या त्या आजी कुंपणाशी आल्या. आता त्यांचा माझ्यावरचा राग निवळला होता. करणी करणाऱ्या माणसाला साधी झाडं जगवता येत नसतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला असावा. पान चुरगाळून त्यांनी हुंगलं.

"वांगानं पान दिखस."

"बरोबर आजी. बटाटा वांग्याच्याच कुळातला. टोमॅटो, मिरची हे सगळे भाऊबंद."

"भाऊबंद शे ना? मंग वांगासारखा वर का बरं लागत नही?"

वरही फळ लागतं, बारक्या हिरव्या टोमॅटोसारखं, पण ते विषारी असतं आणि खायचं नसतं, असं मी सांगायला गेलो. आजींनी हात झाडले. वर लागतं ते खाता येत नाही आणि खाता येतं ते दिसत नाही, असल्या पिकाशी भरताच्या वांग्यांच्या मुलखातल्या बाईनं का नातं ठेवावं?

रोपांना राखण हवी म्हणून मी वर्गाला एक गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये पार्मांतिये नावाचा एक गृहस्थ होता. लोक बटाटा खायला तयार होईनात. त्यानं म्हणे बटाट्याच्या शेतावर दिवसा शिपायांचा पहारा ठेवला आणि रात्री मुद्दाम उठवला. लोकांना वाटलं, एवढा पहारा आहे तर काहीतरी मौल्यवान असणार. रात्री चोरून नेऊ लागले आणि बटाटा देशभर झाला. मीही तसंच केलं: दिवसा सातवीची दोन मुलं काठी घेऊन उभी, रात्री मैदान मोकळं. आठ दिवस गावातलं एकही माणूस फिरकलं नाही. नवव्या रात्री एक शेळी आली. ही शेळी निवडणुकीची पोस्टरं खाते, एकदा तिनं पाचवीचं हजेरीपत्रक खाल्लं होतं. तिनं बटाट्याचा पाला तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. पाल्यात कडवट विषारी द्रव्य असतं हे मला ठाऊक आहे. तरीही मनाला लागलंच.

खरा उपद्रव शेळीचा नव्हता. उत्सुकतेचा होता. खाली काही धरलंय का, हे पाहायला पोरं रोज एखादं झाड हलक्या हातानं उकरायची, बघायची, पुन्हा माती लोटायची. मी ओरडलो. मातीची भर दिली. वरंब्यावर काटे टाकले. "बटाट्याला उजेड लागला तर तो हिरवा पडतो, मग तो खायच्या कामाचा राहत नाही. त्याला अंधारातच राहू द्या," असं रोज बजावलं. बोललो ते मनापासून. पण एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मलाच राहवेना. बॅटरी घेऊन मी हळूच परसबागेत गेलो. वरंब्यापाशी कुणीतरी आधीच उकिडवं बसलं होतं.

"कोण?"

"मीच," मुख्याध्यापक म्हणाले. "चष्मा शोधतोय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. दोघांनी मिळून दोन झाडं उकरली. काही नव्हतं. पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी होतं, पण बटाटा नव्हता. आम्ही माती लोटली आणि एकमेकांना न भेटल्यासारखे घरी गेलो.

कारण उघड होतं. बटाट्याला पोसायला रात्री गार लागतात, पंधरा ते वीस अंशांच्या आतबाहेर. आमच्याकडे फेब्रुवारी सरता सरता सूर्य मे महिन्याची रंगीत तालीम सुरू करतो. झाडाला वाटतं, कशाला बटाटे भरा, पानंच वाढवू. १९९५ साली अमेरिकेच्या अवकाशयानात बटाट्याची रोपं वाढवली होती. तिथे माती नव्हती, वजन नव्हतं, तरी जमलं. पण त्या यानाला मार्चमधला अमळनेरचा दुपारचा वारा लागला नव्हता.

आणि मार्चच्या मध्यावर तपासणीचं पत्र आलं. साहेब परसबाग पाहणार होते. 'बटाटा काढणी, मुलांच्या हस्ते', असं मुख्याध्यापकांनी आधीच कळवून ठेवलं होतं. ते पत्र वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता.

पुढचं सांगायला जड जातं. बाजारातून तीन किलो बटाटे आले. आग्र्याचा माल, एकसारखा, धुऊन पुसलेला. रात्री दहाला मुख्याध्यापकांनी बॅटरी धरली आणि मी खुरपं. एका वरंब्यावर प्रत्येक झाडाखाली दोन-दोन, तीन-तीन असे ते व्यवस्थित पुरले. "थोडी माती फासा हो," मुख्याध्यापक कुजबुजले, "नवऱ्या मुलीसारखे दिसतायत." मी फासली. अंधार होता, पिशवीत हात घालायचा, काढायचं, पुरायचं. पिशवीत आणखी काय होतं ते मी पाहिलं नाही.

साहेब आले. टाळ्या झाल्या. सातवीची मुलं वरंब्यावर बसली. पहिल्या झाडाखालून तीन मोठे बटाटे निघाले, फोटो निघाला. दुसऱ्या झाडाखालून दोन. साहेबांनी "वा" म्हटलं. तिसऱ्या झाडापाशी शेवटच्या बाकावरचा तो बसला होता. त्यानं माती बाजूला केली, हात घातला आणि जे बाहेर आलं ते उंच धरलं.

कांदा होता.

लाल, सुकलेला, मान कापलेला कांदा.

"सर," तो म्हणाला, "कांदा त पुढला वरीसले व्हता ना?"

इतकी शांतता मी त्या पहिल्या तासालाही ऐकली नव्हती. मुख्याध्यापकांनी आभाळाकडे पाहिलं. मी वही उघडली आणि मिटली. साहेबांनी कांदा हातात घेऊन फिरवून पाहिला, मग आमच्याकडे कौतुकानं बघून म्हणाले, "अरे वा, आंतरपीक!" आणि वहीत तसं लिहून घेतलं. साहेबही गल्लीतलेच असावेत. त्यांचं गाव मी अजून विचारलेलं नाही.

चहाला सगळे आत गेले. मी बाहेरच थांबलो, तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून. तो पोरगा शेजारच्या वरंब्यावर बसला होता, जिथे आम्ही काहीच पुरलं नव्हतं. त्यानं अख्खं झाड सावकाश, सगळीकडून माती मोकळी करत उपसलं होतं. तळाशी बेण्याची सुकलेली फोड होती. तिच्या वर, झाडाच्या दांड्यातून पांढरे दोरे फुटले होते, आणि एकेका दोऱ्याच्या टोकाला गोटीएवढा बटाटा. कुठे सुपारीएवढा. एक लिंबाएवढा.

"सर, पाहा," तो म्हणाला. "दोरी खोडमाईन निंघेल शे. मुया येगळ्या शेतस."

मी पाहिलं. मुळ्या खरंच वेगळ्या होत्या, बारीक, केसासारख्या. दोरा जाड आणि खोडातून निघालेला. बटाट्याचं झाड असं मुळापासून शेंड्यापर्यंत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते माझ्याआधी मला शिकवणाऱ्या एकानंही पाहिलं असेल असं वाटत नाही. त्याला हे सांगावं की नाही, या विचारात होतो तोवर तो म्हणाला, "टिटिकाका... म्हन्जे सर, हाई भाजी खावाले काय हरकत शे?"

हरकत नव्हती. मावशींनी त्या दिवशी साहेबांसाठी भरताचा बेत केला होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती, निखारे लाल होते. आमचे सगळे बटाटे त्यात गेले. पाच किलो बेण्यातून एक किलो तीनशे ग्रॅम आलं होतं, त्यातले पन्नास ग्रॅम पहारेकऱ्यांनी वजन करायच्या आधीच खाल्ले. अहवालात मुख्याध्यापकांनी उत्पादन चार किलो तीनशे ग्रॅम दाखवलं. कांदा वेगळा.

वार्षिक परीक्षेत मी प्रश्न घातला: 'बटाट्याला अंधार का लागतो? कारण द्या. गुण २.' शेवटच्या बाकावरच्यानं प्रमाण मराठीत, अक्षर नीट काढून उत्तर लिहिलं होतं: 'उजेड लागला तर बटाटा हिरवा पडतो. म्हणून तो आठवडे बाजारातून आणून रात्री दहानंतर लावतात. बॅटरी मोठ्या सरांनी धरावी.'

मी दोनपैकी दोन दिले.